चौदाव्या मजल्यावरचं शिळं पाणी

बंगळूरला जाऊन मी सगळ्यात आधी काय पाहिलं असेल, तर नळ. बागा नाहीत, काचेच्या इमारती नाहीत, नळ. लेकीच्या स्वयंपाकघरात शिरले, हात धुवायला तो सोडला आणि पाणी आलं. भर दुपारी! मी बंद केला. परत सोडला. परत आलं. लेक मागे उभी राहून हसत होती आणि मला मात्र कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं होतं. कारण मी तिथं भांडायला गेले होते, आणि त्या नळानं पहिल्याच झटक्यात माझं तोंड बंद केलं.

भांडण काय होतं ते आधी सांगते. लेकीला सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवायला बसत नाही, ते ठरलेलंच असतं. मी आपली जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवायला घेतली, डिंक आणून ठेवला, अळीव आणले. आणि एक दिवस हिचा फोन, "आई, मी सोलापूरला येणार नाही. इथंच करू."

"का गं? सासरचं कुणी काही बोललं का?"

"नाही गं. तिकडे पाणी नसतं."

माझं डोकंच फिरलं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे खरं. येईल ते कधी येईल आणि किती वेळ टिकेल हे देवाला ठाऊक, हेही खरं. पण म्हणून माहेर नको? मी म्हटलं, "तू काय गंगेकाठी वाढलीस व्हय गं? ह्याच पाण्यावर इंजिनिअर झालीस की!"

ती शांतपणे म्हणाली, "इथं चोवीस तास पाणी आहे, आई. बाळाचं किती धुणं असतं तुला माहीत आहे." आणि फोन ठेवला.

शुक्रवार पेठेतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. नळ खाली, जिन्याच्या तोंडाशी. जिना दगडी आणि अरुंद, समोरून कुणी आलं की एकानं मागे सरावं लागतं. आता मोटार बसवली आहे, ती पाणी वर चढवते, लाईट असली तर. पाणी आलं आणि लाईट गेली की मग कळशी आहेच. घागर मात्र मी वापरत नाही. आमची तांब्याची मोठी घागर ह्यांनी फार वर्षांपूर्वी माळ्यावर टाकली, ती तिथंच आहे.

पाण्याच्या दिवशी आमच्या घरात कायदा एकच. आधी शिळं ओता, भांडी घासा, मग ताजं भरा. शिळ्यावर ताजं ओतायचं नाही. उरलेल्या पाण्यानं जिना धुवा, कपडे भिजवा, झाडाला घाला, पण पिंप रिकामं झालंच पाहिजे. आमच्या पेठेत पाण्याच्या दिवशी सकाळी प्रत्येक दारात एक तरी पिंप पालथं दिसतं. ज्या घरी दिसत नाही, त्या घरच्या बाईविषयी आम्ही काय बोलतो ते इथं लिहीत नाही.

ह्यांना मी फोनचं सांगितलं. ह्यांचे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. फार नाहीत, पोटापुरते. दिवसभर मागांच्या खडखडाटात असतात, त्यामुळे घरी कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "न्हाई म्हणतीया तर ऱ्हाऊ दे की."

"तुमाला काय कळतंय बायकांचं!"

गप्प बसले. मला त्या गप्प बसण्याचाही राग आला. बाप असून ह्याला काहीच कसं वाटत नाही, असं मनात आलं. मी ठरवलं, आपणच जायचं, ओटी भरायची आणि हात धरून घेऊन यायचं. समोर आई उभी राहिली की ही नाही म्हणणार नाही. निघताना ह्यांनी कारखान्यातले बिनरंगाचे टॉवेल आणून दिले, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ केलेले. शेंगाची चटणी, कडक भाकरीची चवड, खण, नारळ आणि हे टॉवेल घेऊन मी रात्रीच्या गाडीत बसले.

सकाळी बंगळूर आलं. म्हणजे स्टेशन आलं. स्टेशनापासून लेकीचं घर यायला दुपार झाली. टॅक्सी चालते कमी, उभीच जास्त. मी काचेतून बघत बसले. होळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे ह्या दिवसांत झाडांचे खराटे होतात, आणि इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी झाडं गुलाबी फुलांनी नुसती लगडलेली. खाली सडा पडलेला. त्या सड्यावरून गाड्या खुशाल जात होत्या. माणसांनी एवढी फुलं वाया घालवलेली मी कधी पाहिली नव्हती.

लेकीच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं माझा फोटो काढला. फोटो लेकीच्या मोबाईलवर गेला, 'ही बाई आली आहे, आत सोडू का?' पोटच्या पोरीच्या घरी जायला माझी ओळखपरेड! तिनं वरून बोट दाबलं तेव्हा फाटक उघडलं. मग लिफ्ट. आम्ही दोन मजले चढून धापा टाकणारी माणसं. इथं पाऊलसुद्धा न उचलता मी चौदाव्या मजल्यावर पोचले. कानात दडे बसले आणि दार उघडलं तर समोर लेक, पोट पुढे आलेलं, चेहरा भरलेला. मला रडूच फुटलं. त्यानंतर तो नळ.

संध्याकाळी जावई आले. पुण्याचे आहेत, मोजकं आणि गोड बोलतात. त्यांनी मला घर दाखवलं. दिव्याला हाक मारली की दिवा लागतो. पंख्याला सांगितलं की पंखा फिरतो. मी म्हटलं, "मी जन्मभर हाका मारतेय, आमच्या घरात कुणी ओ देत नाही." ते हसले. पण मी आतून खचत चालले होते. ज्या घरात दिवासुद्धा शब्द झेलतो आणि नळ कधी नाही म्हणत नाही, तिथून मी हिला कोणत्या तोंडानं घेऊन जाणार होते? त्या जिन्याच्या घरात? त्या रात्री ओटीचं सामान मी पिशवीतून बाहेरच काढलं नाही. हरले होते मी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला खाली उतरले. सोसायटीची बाग म्हणजे हिरवळीचा गालिचा. मधोमध फवारे चालू, गवतावर पाणी नुसतं उधळलेलं. मी चप्पल काढली आणि त्या ओल्या गवतावर चालले. इतकं बरं वाटलं की फवाऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन मी डोळ्यांना लावलं, नदीचं लावतात तसं. तिथला माळी बघत होता. माझं माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे कानडी मला येते. त्याच्याशी बोलले तर तो आमच्याच बाजूचा निघाला, गुलबर्ग्याकडचा.

मी म्हटलं, "किती रे भाग्यवान माणसं तुम्ही. गवताला एवढं पाणी!"

तो म्हणाला, "अक्का, ते वरच्या बाथरूमांचंच पाणी आहे. सगळ्यांच्या अंघोळीचं, संडासाचं. खाली मशिनीत साफ करून गवताला सोडतात."

मी डोळे पदरानं पुसायला लागले. पुसून पुसून लाल केले. तो हसू दाबत म्हणाला, "चांगलं पाणी हल्ली गवताला कोण घालतंय?" त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. पण डोळ्यांत काय गेलं ह्या विचारानं माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. तशीच वर गेले आणि साबणानं तोंड धुतलं. नळाला पाणी होतंच.

खरा घोळ तिसऱ्या दिवशी झाला. जावई ऑफिसला गेले. लेक खोलीत दार लावून, कानाला यंत्र लावून तिच्या मीटिंगमध्ये. मी अंघोळीला गेले तर बाथरूममधल्या बादल्या काठोकाठ भरलेल्या. दुसऱ्या बाथरूममध्येही तेच. ओट्याखाली स्टीलचं मोठं पातेलं झाकून ठेवलेलं, त्यात पाणी. आणि बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, निळं पिंप. अगदी आमच्यासारखं, झाकण लावून भरलेलं.

मला आधी हसू आलं. सोलापूरची पोर कितीही शिकली तरी पिंप भरल्याशिवाय तिला झोप यायची नाही! मग झाकण उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नळाला चोवीस तास ताजं पाणी, आणि ही बया, तीही दोन जिवांची, शिळं पाणी साठवून बसली आहे. कुठली रीत ही? इतकी वर्षं मी हिला काय शिकवलं?

पदर खोचला आणि कामाला लागले. खरं सांगायचं तर त्या घरात आल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी करता येण्यासारखं सापडलं होतं. बादल्या ओतल्या, दोन्ही बाथरूम लख्ख घासली. पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं कुंड्यांना घातलं, राहिलेल्यानं बाल्कनी धुतली, खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या. पातेलं घासलं. पिंप आतून पुसून उन्हात पालथं घातलं. चौदाव्या मजल्यावर, सगळ्या बंगळूरला दिसेल असं. मग दोन्ही बाथरूमचे आणि ओट्यावरचा, असे सगळे नळ मोकळे सोडले.

पाणी आलं जोरात. मग करंगळीएवढं झालं. मग दोऱ्यासारखं. मग नळानं फस्स करून वारा सोडला, आत कुठंतरी गुरगुरलं आणि सगळं थांबलं.

तो आवाज मी जन्मभर ऐकला आहे. आमच्या पेठेतलं तान्हं पोरसुद्धा तो ओळखतं. पण इथं? मी नळ फिरवत राहिले, जणू मीच काहीतरी मोडलं होतं. तेवढ्यात लेकीचा मोबाईल तिच्या खोलीत ठणाणा वाजायला लागला आणि ती कानाचं यंत्र उपटत बाहेर आली. तिकडे प्रत्येक घराच्या पाण्याला मीटर असतं आणि ते मीटर फोनवर चुगली करतं. हिच्या घरानं पाण्याची हद्द ओलांडली, असा निरोप हिला आला होता, ऑफिसात बसलेल्या जावयांनाही आला होता.

"आई, कुठला नळ चालू राहिलाय?"

मी काही बोलायच्या आत तिचं लक्ष बाल्कनीत गेलं. पालथं पिंप बघून ती तशीच सोफ्यावर बसली.

"सगळं ओतलंस?"

"शिळं होतं गं."

"आज पाणी बंद आहे आई. उद्यापण. टाकीच्या तळाला राहिलं होतं तेवढंच आत्ता आलं. इथले बोअर आटलेत. सगळी सोसायटी टँकरवर चाललीय. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी भरून ठेवलं होतं."

मला कळेचना ती काय बोलते आहे. खाली फवारे उडत होते, रस्त्यावर फुलांचा सडा पडत होता, दिवे हाकेला ओ देत होते, आणि ह्या घरात प्यायला पाणी नव्हतं! बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "बंगळूरला पाणी न्हाई?"

"महिना झाला."

"मग मला चोवीस तास म्हणालीस ते?"

ती नखं बघत बसली. आणि धक्का ओसरून माझा संताप उसळला. "खोटं बोललीस? आईशी? माहेराला यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं. पाण्याचं नाव कशाला? इथं आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार, आणि नावं मात्र आमच्या सोलापुराला! लाज वाटते काय गं आमची?"

ती एक अक्षर बोलली नाही. अगदी बापावर गेली आहे. तेवढ्यात परत फोन वाजला. खाली एक टँकर आला होता, ज्यांच्याकडे अजिबात पाणी नाही त्यांनी तळघरात येऊन न्यावं, असा निरोप होता. ती उठली आणि बादली घेतली. मी दुसरी घेतली. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो.

तळघरात रांग होती. चांगली शिकली-सवरलेली माणसं, अर्ध्या चड्ड्या घातलेली, हातात बादल्या आणि रिकाम्या बाटल्या. आमची शुक्रवार पेठ बरी, एवढंच मी मनात म्हणत होते. आमचा नंबर आला. पाइपखाली लेकीची बादली भरली आणि ती उचलायला ती वाकली. एक हात कमरेवर, एक हात बादलीच्या कडीला.

"हात लावू नकोस!"

मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की आख्खी रांग मागे वळली. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

लेक सावकाश सरळ झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. तुला पण तेच दिसलं की."

मी पुढे होऊन बादली माझ्याकडे ओढली.

"मी जिन्यात वरती होते आई. पिंपाचं झाकण हातात धरून."

मला वाटत होतं, तिला आठवत नसेल. ती तेव्हा बालवाडीत जायची. पाण्याचा दिवस होता, मोटार तेव्हा नव्हती. मला सहावा महिना. कमरेवर घागर, जिना ओला, आणि वरच्या वळणावर पाय सटकला. मी खाली आणि घागर माझ्या मागोमाग, प्रत्येक पायरीवर आपटत, खणाणत. ते बाळ राहिलं नाही. त्यानंतर कुणी त्याचं नाव काढलं नाही. ह्यांनी घागर माळ्यावर टाकली आणि मी कळशी धरली. जिना तोच राहिला.

"मला ती घागर अजून ऐकू येते," ती म्हणाली. "पाणी हितंपण न्हाई, मला म्हाईतै. पण मला तो जिना नको. मी चढणार, बाळाला घेऊन उतरणार. आणि तू लाईट गेली की कळशी घेऊन त्याच जिन्यानं वर-खाली करणार, माझ्या धुण्यासाठी. गेल्या महिन्यात केलंस की नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. 'ऱ्हाऊ दे की' म्हणाले तेव्हाही. आणि मी त्यांना म्हटलं होतं, तुमाला काय कळतंय.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? जिन्याचं नाव काढलं की तुझं तोंड कसं होतं, तू कधी बघितलं नाहीस."

मागच्या माणसानं इंग्रजीत विचारलं, सगळं ठीक आहे ना. ठीक आहे म्हणून मी मान हलवली. दोन्ही बादल्या मीच उचलल्या आणि लिफ्टपर्यंत नेल्या. लेकीनं बटण दाबलं. मी बादल्यांतल्या पाण्याकडे बघत होते. एवढे मजले चढलो पण थेंबभरही सांडलं नाही. मला हुंदका आला, तो मी आवरला नाही. इतक्या वर्षांत त्या लेकरासाठी मी तिच्यासमोर पहिल्यांदा रडले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

वर जाऊन मी ओटीचं सामान बाहेर काढलं आणि तिथंच, त्या पालथ्या पिंपाशेजारी, तिची ओटी भरली. मग ह्यांना फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट.

"कवा निघतायसा?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई निघत. बाळंतपण हितंच करते मी. मी ऱ्हाते हितं."

"तितं पाणी हाय का?"

"न्हाई. आपल्यापेक्षा वाईट." मग म्हटलं, "पण लिफ्ट हाय."

खडखडाट हळूहळू लांब गेला. फोन घेऊन ते बाहेर अंगणात आले असणार.

"ऱ्हा मग," ते म्हणाले. "टॉवेल आणखी पाठवतो."